वर्धेच्या दोन तीरांवरचा पहारा

मुलताईच्या पठारावर उगम पावून दक्षिणेकडे वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पश्चिमेस वऱ्हाड आणि पूर्वेस नागपूर प्रांत, ही विभागणी या भागातील माणसाच्या मनात इतकी रुजलेली आहे, की ती निसर्गानेच आखून ठेवली असावी असा समज सहज होतो. वस्तुतः ही सरहद्द तलवारीने ठरली आणि तहनाम्याने लिहिली गेली. १८०३ सालच्या सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव आणि डिसेंबरच्या मध्यास गाविलगड, असे एकामागून एक पराभव पदरी आल्यावर नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह करावा लागला. त्यात कटकाबरोबर वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूखही गेला, आणि कंपनी सरकारने तो पुढल्याच वर्षी निजामाच्या स्वाधीन केला. त्यानंतरही नदीच्या दोन्ही अंगांस एकमेकांत गुंतलेले तुकडे राहिलेच होते; १८२२ च्या तहाने तेही निस्तरले गेले आणि वर्धेचे पात्र हीच दोन राज्यांमधील निर्विवाद हद्द ठरली. ज्या गावांनी शतकानुशतके एकमेकांत सोयरीक केली, एकमेकांच्या बाजाराला बैल नेले, कार्तिकात कौंडिण्यपूरच्या यात्रेला एकाच उतारावरून नदी ओलांडली, ती गावे आता दोन भिन्न सरकारांची झाली. आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव या नदीपासून फार दूर नाही, आणि सरहद्दीवरील बंदोबस्ताचा इतिहास जितका या गावाच्या गढीत साठलेला आहे तितका तो मोठ्या शहरांच्या दप्तरखान्यांतही क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरांत रोहण्याविषयी जी त्रोटक नोंद आहे तिच्यात या गढीचा उल्लेख येतो. ती कृष्णाजी शिंदे यांनी बांधली. रोहणा आणि आसपासचा मुलूख त्यांच्याकडे सारामाफीने होता. आणि ही माफी नागपूरचे भोसले व हैदराबादचा निजाम या दोघांच्याही मान्यतेने, दोनशे स्वार बाळगण्याच्या अटीवर दिलेली होती. या नोंदीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. १८०३ पूर्वी वऱ्हाडात दुअमल होता. एकाच परगण्यात निजामाचाही अंमलदार असे आणि भोसल्यांचाही, दोघेही आपापला वसूल नेत, आणि दोघांच्या मधल्या फटीत लुटारूंच्या टोळ्या सुखाने नांदत. अशा मुलखात दोघांनीही मानलेला एक सरदार बसवून त्याच्या पदरी दोनशे घोडे ठेवणे हा त्या काळचा सरहद्दीचा पोलीस बंदोबस्तच होय. त्या दोनशे स्वारांना गणवेश नव्हता, कलमे पाठ नव्हती. त्यांचा पगार ज्या शिवारातून निघे त्याच शिवारातील पीक वाचविणे हे त्यांचे काम होते, आणि पीक लुटले गेले तर पगारही लुटला जाई. पहारेकरी आणि ज्याचा पहारा करावयाचा तो, यांचे हित इतके एकजीव करून टाकणारी दुसरी व्यवस्था या नदीकाठाने पुढे पाहिली नाही. ती न्यायाची होती असे मी म्हणत नाही. स्वार बाळगणारा सरदार रयतेवर जुलूम करू लागला तर त्याला आवरणारे जवळपास कोणी नसे. परंतु ती जवळची होती, आणि तिचा जाब जागच्या जागी विचारता येत असे.

गढ्या केवळ सरदारांच्याच नव्हत्या. वर्धेच्या खोऱ्यात पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला तेव्हा जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावाने पांढऱ्या मातीची आपली गढी उभारली. चार कोपऱ्यांस चार बुरूज, तळाशी कित्येक हात जाड आणि वर निमुळत्या होत गेलेल्या भिंती, एकच दरवाजा, आत विहीर, पेव आणि गुरांना पुरेल एवढे आवार, असा तिचा साधा घाट असे. धूळ दिसली की गुरे आत घ्यावयाची, दरवाजा लावावयाचा आणि गोफण, भाला, तोड्याची बंदूक जे हाती असेल ते घेऊन भिंतीवर चढावयाचे. पेंढारी वेढा देऊन बसत नाही, त्याला आजच्या आज पुढे जावयाचे असते, एवढ्या एका गोष्टीवर गावाचा सारा भरवसा. पुलगावजवळच्या नाचणगावात किल्ल्यासारख्या भक्कम दगडी सराईच्या आश्रयाने गावकऱ्यांनी पेंढाऱ्यांना दाद दिली नाही, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. राजधानीची अवस्था याहून बरी नव्हती. १८११ च्या नोव्हेंबरात पेंढाऱ्यांनी थेट नागपूरचे एक उपनगर जाळले. राजा आपल्या नगराच्या वेशीचे रक्षण करू शकत नाही हे दिसल्यावर खेड्यांनी मातीच्या भिंतींवर विश्वास टाकावा यात नवल नाही. १८१७-१८ च्या मोहिमेत पेंढारी मोडले. त्यांचा एक म्होरक्या करीमखान शरण आला, दुसरा म्होरक्या चितू याचा शेवट असीरगडाकडच्या रानात वाघाच्या तोंडी झाला. त्याच हिवाळ्यात सीताबर्डीच्या टेकडीवर २६ व २७ नोव्हेंबरला नागपूरच्या स्वातंत्र्याचाही शेवट झाला. त्यानंतर अज्ञान तिसऱ्या रघूजीच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने १८२६ पर्यंत कारभार पाहिला.

पेंढारी गेले तरी चोर गेले नव्हते, आणि चोराशी गाठ स्वारांची नसून गावच्या महाराची होती. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात गावच्या या पहाऱ्याचे वर्णन इतके नेटके आहे, आणि ती पद्धत मराठी मुलखात इतकी सार्वत्रिक होती, की वर्धाकाठासही ते लागू करण्यास हरकत दिसत नाही. गावात कोण आले, कोण गेले, कोणाच्या घरी परका उतरला, कोणाच्या हातात एकाएकी पैसा खेळू लागला, हे सारे ठेवणीत ठेवणे हे या पहारेकऱ्याचे नित्याचे काम. घरफोडी झाली की तो उजाडताच माग काढावयास निघे. ओल्या बांधावर उमटलेली टाच, एका बाजूला अधिक दबलेले पाऊल, तुटलेल्या वहाणेचा ठसा, काट्याला लागलेला घोंगडीचा धागा, अशा खुणा धरीत तो शिवेपर्यंत जाई. तिथे शेजारच्या गावच्या पहारेकऱ्याला बोलावून त्याच्या डोळ्यांदेखत माग दाखवी, आणि त्याने तो मान्य केला म्हणजे पहिल्या गावाची जबाबदारी सरे. दुसरा तो माग तिसऱ्या गावच्या शिवेवर नेई. ज्या गावात माग शेवटी मुरला त्या गावाने चोर द्यावा, नाहीतर माल भरून द्यावा. आधी पहारेकऱ्याच्या ऐपतीप्रमाणे आणि उरलेला साऱ्या गावाकडून. भरपाई पूर्णपणे वसूल होणे विरळा, हेही एल्फिन्स्टन सांगतो. बहुधा दंडावर भागे, आणि हयगय किंवा संगनमत दिसले तर पाटलाचे वा पहारेकऱ्याचे वतन त्याच्या जवळच्या भाऊबंदाकडे फिरविले जाई. मागाची ही साखळी म्हणजे एका गावाने दुसऱ्या गावाच्या हातात दिलेला जबाबदारीचा ओघ होता, आणि त्यात कागदाचा एक चिटोराही खर्ची पडत नसे.

ही साखळी वर्धेच्या उतारावर येऊन तुटली. पाण्यात पाऊल उमटत नाही ही अडचण जुनीच होती, आणि कुशल माणूस पैलतीराच्या वाळूत तेच पाऊल पुन्हा शोधून काढू शके. नवी अडचण ही, की पैलतीराचा पाटील आता निजामाच्या अंमलदारास जबाबदार होता आणि ऐलतीराचा पाटील भोसल्यांच्या कमाविसदारास. माग मान्य करणे म्हणजे दुसऱ्या राज्याचा दंड आपल्या गावावर ओढवून घेणे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बैल पलीकडे घालणाऱ्यास ही नदी कधीच सरहद्द नव्हती. ती सरहद्द होती त्याच्या पाठीवर निघालेल्या महाराला.

कंपनी सरकारने ठगांच्या बाबतीत ही अडचण कायद्याच्या एका फटकाऱ्याने दूर केली. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, ठगांच्या टोळीत कधीही असलेल्या माणसास, मग तो कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, जन्मठेप देता येऊ लागली. आणि १८३५ पासून ठगीच्या बंदोबस्ताचा मुख्य झालेल्या स्लीमनचे लोक माफीच्या साक्षीदारांना बरोबर घेऊन संस्थानांच्या हद्दींतून फिरू लागले. विशिष्ट कृत्य शाबीत न होता टोळीशी संबंध एवढाच गुन्हा मानण्याची जी वाट येथे पडली, तिचा शेवट कोठे झाला ते पुढे येईलच. साध्या घरफोडीस आणि गुरांच्या चोरीस मात्र असा कायदा लाभला नाही.

पुढे एका वर्षाच्या आत दोन्ही तीरांवर इंग्रजांचा अंमल आला, आणि येथून या कथेचा सर्वांत चमत्कारिक भाग सुरू होतो. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. आता सरहद्द मिटावी अशी कोणाचीही अपेक्षा असेल. ती मिटली नाही. वऱ्हाड हे ताब्यात दिलेले, पण मालकीने निजामाचेच. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हते. तेथील कमिशनर हैदराबादच्या रेसिडेंटास जबाबदार, आणि तेथे चालणारे कायदे हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या हुकुमांनी एकेक करून लागू केलेले. पूर्वेस १८६१ च्या नोव्हेंबरात मध्यप्रांत निर्माण झाला, १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठ्यास होते, ते १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर वसविलेल्या वर्धा शहरात गेले. अशा रीतीने एकाच राणीचे दोन पोलीस, एक नागपूरच्या इन्स्पेक्टर जनरलच्या हाताखालचा आणि एक वऱ्हाडचा, नदीच्या दोन काठांवर उभे राहिले, आणि एका तीरावरच्या मॅजिस्ट्रेटचे वॉरंट दुसऱ्या तीरावर आपोआप चालत नसे. पूर्वी जेथे दोन महार शिवेवर उभे राहून पावलाचा ठसा पाहत, तेथे आता दोन कचेऱ्यांत पत्रव्यवहार होऊ लागला.

गावची घडणही दोन तीरांवर दोन प्रकारची झाली. पूर्वेस मालगुजारी आली. भोसल्यांच्या काळी मक्त्याने वसूल करणारा पाटील गावाचा मालक ठरला, आणि गुन्ह्याची खबर ठाण्यावर देण्याचे कर्तव्य त्याच्यावर व मुकद्दमावर पडले. हाताखाली कोतवाल, बहुधा महार, जो ठरल्या दिवशी ठाण्यावर जाऊन जन्म, मृत्यू, परका माणूस आणि चोरीचिलटी यांची वर्दी देई. पश्चिमेस मुंबईच्या धर्तीची रयतवारी. तेथे पोलीस पाटील वतनदार आणि त्याच्या हाताखाली जागल्या व महार. एकाच जातीचा, एकाच बोलीचा, कित्येकदा एकाच कुळातला माणूस पूर्वतीरावर मालगुजाराचा ताबेदार आणि पश्चिमतीरावर वतनदाराचा. काम मात्र दोहोंकडे एकच, रात्रीची गस्त आणि पहाटेचा माग.

त्यांच्या डोक्यावर जो नवा पोलीस आला तो कोठून आला हे पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये १८२९ साली नि:शस्त्र पोलीस स्थापन झाला होता, परंतु हिंदुस्थानात आला तो तिथला नव्हे. सर चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर जे पोलीस दल उभारले त्याचा नमुना आयर्लंडच्या सशस्त्र कॉन्स्टॅब्युलरीचा होता, म्हणजे जिंकलेल्या आणि न निवळलेल्या मुलखास ताब्यात ठेवणाऱ्या दलाचा. तोच पुढे पंजाबात, १८५९ मध्ये मद्रासेत, आणि १८६० च्या कमिशननंतर १८६१ च्या पाचव्या कायद्याने बहुतेक ब्रिटिश प्रांतांत पसरला. त्या कायद्यात अशांत भागात जादा पोलीस बसवून त्याचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची तजवीज होती. येथे जुन्या व नव्या व्यवस्थेतील भेद माझ्या मते स्पष्ट होतो. जुन्या काळी चोरी झाली तर गाव दंड भरी, कारण पहारा गावाचा होता. आता गावाला पहाऱ्याचा अधिकार उरला नाही, दंड मात्र राहिला. कवायत, नोंदवह्या, रोजनामे, बदल्या यांनी शिस्त आली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो शिपाई वरच्यास जबाबदार होता, खालच्यास नव्हे. रोहण्याच्या गढीतल्या स्वाराला शिवारातला प्रत्येक बैल ओळखू येई. बदलीवर आलेल्या शिपायाला मुकद्दमाने ओळखून द्यावे लागे.

आणि हे सर्व अशा वेळी घडत होते, की जेव्हा या खोऱ्यात पैसा कधी नव्हे इतका वाहू लागला होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या वर्षांत कापसाचा भाव चढला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव मँचेस्टरपर्यंत गेले. वर्धा जिल्ह्याची पहिली जमाबंदी करणारा रिव्हेट-कार्नाकच पुढे कापसाचा कमिशनर झाला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुलगावपाशी वर्धा ओलांडून नागपूरला पोचली. आर्वीच्या बाजाराकडे निघालेली गाड्यांची रांग, कमरेला कसा बांधून परतणारा शेतकरी, रात्रीचा मुक्काम आणि मागे लागलेले चोर, हे सरहद्दीच्या पोलिसाचे रोजचे जग होते. आणि चोराला नदी जवळ, पोलिसाला मात्र परवानगी दूर.

या घोळाचा निकाल १९०३ साली लागला आणि तो योगायोगाने दोन बाजूंनी लागला. लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले व १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांतास जोडले. नदीच्या दोन तीरांचा कारभार देवगावच्या तहानंतर प्रथमच एका हाती आला. त्याच सुमारास, मध्यप्रांताचा चीफ कमिशनर असलेल्या सर अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस कमिशनने आपला अहवाल दिला. चाळीस वर्षांपूर्वी सिंध-आयर्लंडच्या नमुन्यावर बसविलेले हे दल लोकांच्या दृष्टीने लाचखाऊ आणि जुलमी ठरले आहे, ही गोष्ट सरकारच्याच अधिकाऱ्यांनी सरकारी कागदावर लिहिली. शिपायाचा पगार निदान आठ रुपये असावा, अशी शिफारस त्यांनी केली. गावच्या पहारेकऱ्याला ठाण्याचा गडी न बनविता गावाचाच नोकर राहू द्यावे आणि गावप्रमुखाची प्रतिष्ठा जपावी, असेही त्यांचे मत होते. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एल्फिन्स्टनने जे पाहून ठेवले होते त्याकडेच हे कमिशन परत वळत होते. परंतु तोवर शिवेवर माग मान्य करणारी गावे राहिली नव्हती.

ठगीच्या कायद्याने पाडलेल्या वाटेचा शेवट येथेच सांगितला पाहिजे. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ मध्ये तो अधिक कडक व सर्वत्र लागू करण्याजोगा झाला. ज्या लोकांचा उदरनिर्वाहच हिंडण्यावर, नदीच्या या काठावरून त्या काठावर जाण्यावर अवलंबून, त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून हजेरी लावली गेली. आमच्या जिल्ह्यातील पारध्यांना फासे लावून तित्तिर धरणारा आणि घर फोडणारा यांतील फरक सिद्ध करण्याची संधीच राहिली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कायदा गेला तरी ठाण्यातील संशय गेलेला नाही, आणि ज्याला चोरी झाली की आधी पारध्याचा बेडा आठवतो त्याला स्लीमन आणि त्याचा काळ अजून संपलेला नाही हे कळावयास हवे.

ठाणे आणि गाव यांतील दुरावा किती खोल होता ते १९४२ साली दिसले. आर्वी तालुक्याच्या उत्तरेस असलेल्या आष्टी गावात १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, लोकांचा जमाव ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी पडले, आणि संतापलेल्या जमावाच्या हातून ठाण्याचा अंमलदार व शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूरलाही असेच घडले. त्यानंतर तेथे जी फौज व पोलीस आले त्यांच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवस उपवास केला. तो १९४३ च्या जानेवारीत सुटला. पोलिसांनी गावास जाब द्यावा, एवढीच त्या उपवासामागील मागणी होती, आणि ती करण्यासाठी एका माणसाला आपला देह पणाला लावावा लागला. आष्टीच्या जमावाने केले ते योग्य होते काय, हा प्रश्न अवघड आहे. गांधींच्या आश्रमापासून इतक्या जवळ हे घडले याचे दु:ख त्या पिढीच्या सेवकांनी जन्मभर बाळगले. परंतु ठाणे हे आपल्या रक्षणाचे स्थान आहे असे ज्या गावाला तीन पिढ्यांत एकदाही वाटले नाही, त्याचा राग प्रथम ठाण्यावर गेला हे समजण्याजोगे आहे.

१९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही छोटी रेल्वे रोहण्यावरून धावू लागली तेव्हा गढीचे लष्करी काम संपून शतक उलटले होते. तिच्या भोवतालच्या माणसांपैकी स्वारांचे वंशज शेतकरी झाले, मालगुजारी स्वातंत्र्यानंतर गेली, आणि मुंबईच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी झाली. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ पासून मुंबईच्या कायदेमंडळात जी लढाई दिली तिचे ते फळ होते, आणि तिचे महत्त्व कळण्यास आधीची ही सारी कथा ठाऊक असली पाहिजे. निजाम, भोसले, कंपनी, राणी या चौघांच्याही बंदोबस्ताचा पाया ज्याच्या डोळ्यांवर आणि पायांवर उभा होता, ज्याने रात्री गस्त घातली, ज्याने पावलाचा ठसा ओळखला, चोर न सापडल्यास पहिला दंडही ज्याच्याच झोपडीवर आला, त्या माणसाला गावाने वेशीच्या आत घर दिले नाही. वतन गेले, कोतवालाचे पद मात्र महसूल खात्यात राहिले. आणि आपणास शासनाचा चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी मानावे ही महाराष्ट्रातील कोतवालांची मागणी पिढ्यान्‌पिढ्या सरकारदरबारी पडून राहिली.